चव्वेचाळिसावी ओळ

आमच्या ऑफिसातल्या एका संगणकाच्या पडद्यावर, खाली उजव्या कोपऱ्यात, कागदाची एक पट्टी कायम चिकटवलेली असे. बोटभर लांब, अर्धं बोट रुंद. त्या पट्टीखाली काय होतं ते मला माहीत होतं. तिथे 'एकूण' हा शब्द आणि त्यापुढे आकडा होता. ज्या माणसाने तो तक्ता बनवला, त्यानेच त्याचा एकूण आकडा झाकून ठेवला होता. आकड्यांवर ज्याचं पोट आहे अशा माणसाला, म्हणजे मला, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकली.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. बसस्थानकामागे त्यांचं मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवीन तार मोजून गुंडाळायची, हे त्यांनी पंचवीस वर्षं केलं. मग विहिरीच आटल्या. उपसायला पाणी नाही तर मोटार जळणार कशी? चाळिशी उलटल्यावर हा माणूस संगणकाच्या क्लासला जाऊन बसला. तिथली पोरं हसायची, असं ते स्वतःच सांगत. "हसंनात का," म्हणायचे, "ते हसतानी मी मोजायचो. सतरा पोरं व्हती. शिकली चार."

आमची एजन्सी लहान होती. तालुक्यातल्या ज्या गावांना आणि वस्त्यांना टँकरने पाणी जातं, त्यांची नोंद ठेवायची आणि रोज सकाळी ड्रायव्हर लोकांना कुठे कुठे जायचं याचा कागद काढून द्यायचा, एवढं काम. पूर्वी हे वहीत चाले. मग वरून फर्मान आलं की सगळं संकेतस्थळावर दिसलं पाहिजे, साहेबांना मोबाईलवर बघता आलं पाहिजे. ते काम मिस्त्रींकडे आलं आणि त्यांच्या कामावर नजर ठेवायचं माझ्याकडे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. असं संकेतस्थळ कुणी आता पहिल्यापासून बांधत नाही. फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा मिळतो. त्याला सांगायचं की ही माझी माहिती, हे माझे रकाने. तो तक्ता मांडून देतो. दहा-दहा ओळींची पानं पाडतो, रकान्यावर बोट ठेवलं की त्याप्रमाणे क्रम लावतो, वर शोधायची चौकट देतो आणि खाली एकूण आकडा छापतो. आमचा तक्ता मागणीच्या तारखेप्रमाणे लावलेला होता. ज्याने आधी मागितलं तो वर. ही अट माझी होती. दहा-दहाची पानं पाडायची, हेही मीच मागितलं होतं. ड्रायव्हरांचा रोजचा कागदही याच पानांवरून छापला जाई. मिस्त्रींना सगळी गावं एकाच लांब पानावर हवी होती.

"पान उलटलं की माणूस मागचं विसरतंय," ते म्हणाले होते.

"साहेब मोबाईलवर बघतात. एवढं खाली सरकवत बसणार का?"

"मग साहेबाला पाचच गावं द्या की. हातात मावतील."

तक्ता शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणे झाला. पण पट्टी त्यांनी चिकटवली ती काढली नाही. मी एकदा विचारलंच, हे काय आहे. ते चष्मा वर करून म्हणाले, "खालचा आकडा आधी पाह्यला की डोळे तेवढंच मोजत्यात, पटवारीसाब. जास्ती बी न्हाई, कमी बी न्हाई." मला ते पटवारी म्हणत. मी पटवारी नाही, कधी नव्हतो. सुरुवातीला राग यायचा.

कुणीही कोणताही आकडा सांगितला की मिस्त्रींचा एक प्रश्न ठरलेला असे: "मोजलं कुणी?" मग समोरचा कोण आहे हे ते बघत नसत. एकदा मॅनेजर म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नाला हजार माणूस होतं." सगळ्यांनी वा वा केलं. मिस्त्री चहा फुंकत म्हणाले, "मोजलं कुणी?" मॅनेजर म्हणाले, "आचाऱ्याने." मिस्त्री म्हणाले, "मग ताटं मोजली असतील. एकेक जण दोनदा बसतंय."

एकदा कामाला जाताना आम्ही मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो होतो. पोऱ्याने भजीची बशी ठेवली. मिस्त्रींनी भज्यांवरून बोट फिरवलं आणि त्याला परत बोलावलं. "मागच्या टेबलाला नऊ, आमाला आठ. कावून बे?" पोऱ्या गेला आणि एक भजं घेऊन आला. मिस्त्रींनी ते मागच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या बशीत ठेवलं. तो दचकला. "तुमाला बी आठच व्हती," मिस्त्री त्याला म्हणाले, "आता झाली नऊ. मला बघायचं व्हतं हा खरं सांगतो का न्हाई." मी मान खाली घालून भजी खाल्ली. त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे अशी शिक्षाच असे.

त्यांच्या टेबलाखाली एक लाकडी ट्रे होता, दुकानातला. पूर्वी त्याच्या खणांत नट आणि बोल्ट असत. आता प्रत्येक खणावर खडूने एका गावाचं नाव होतं. रोज सकाळी ते पडद्याला फुटपट्टी लावत, एकेक ओळ वाचत आणि डब्यातून चिंचोका काढून त्या त्या गावाच्या खणात टाकत. पाच पानं होईपर्यंत कुणाशी बोलत नसत. मधेच फोन आला तर पहिल्यापासून. माणूस पन्नाशीचा, समोर संगणक आणि हातात चिंचोके. मला वाटायचं हे सोंग आहे. इतका साधा दिसणारा माणूस काहीतरी लपवत असतो असा माझा अनुभव होता.

आता माझ्या स्वभावाविषयी एक सांगितलं पाहिजे. घरी नळाला पाणी येतं तो दिवस मी कॅलेंडरवर गोल करतो, किती भांडी भरली तेही लिहितो. बायको म्हणते, तुम्ही पाणी पिता कमी आणि लिहिता जास्त. पण लिहिल्यामुळेच मला कळतं की कुठे गळतंय. त्या उन्हाळ्यात मला ऑफिसात गळती दिसली.

रोजच्या कागदावर चव्वेचाळीस ओळी असत. संध्याकाळी ड्रायव्हरांच्या नोंदी यायच्या त्या त्रेचाळीस खेपांच्या. रोज एक खेप कमी. एखाद्या दिवशी टँकर नादुरुस्त झाला असं समजू शकतो. पण सलग बारा दिवस, रोज बरोबर एक? मी पेन्सिलीने तारखा मांडल्या आणि कुणाला बोललो नाही.

मग मी मिस्त्रींवर लक्ष ठेवायला लागलो. सकाळची चिंचोक्यांची पूजा झाली की ते फोन घेऊन बाहेर लिंबाखाली जात. ऑफिसात फोन होता, तरी बाहेर. एके दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने खिडकीशी उभा राहिलो. ते ड्रायव्हरशी बोलत होते. "कागदावर दोनदा असंल, तू येकदाच जा. आन् ऑफिसात सांगू नको आजून."

मी पेला खाली ठेवला.  खोटं कशाला सांगू, मला थोडा आनंदच झाला. संशय खरा ठरतो तेव्हा माणसाला आपण हुशार असल्यासारखं वाटतं.

त्या दुपारी मी संपूर्ण यादी एकदम उतरवून घेतली, पानं न पाडता. तसं बटण होतं. मंजूर अर्जांची फाईल काढली. अर्ज त्रेचाळीस, यादीत नावं चव्वेचाळीस. एकेक नाव अर्जाशी लावत गेलो तेव्हा एक वस्ती उरली, जिचा अर्जच नव्हता. खेपांच्या रकान्यात शून्य. मला वाटलं जागा धरून ठेवलीय, आकडा मागाहून भरतील. मग तेच नाव मी पडद्यावर शोधलं, पहिल्या पानापासून पाचव्यापर्यंत. कुठेच नव्हतं. आत साठवलेलं आहे, पण बघणाऱ्याला दिसत नाही. ही करामत ज्याने तक्ता बांधला तोच करू शकतो, एवढं मला नक्की कळलं.

आमच्याकडे एक म्हातारा ड्रायव्हर होता, सगळा तालुका फिरलेला. त्याला मी सहज विचारल्यासारखं नाव घेतलं.

"ती वस्ती?" तो हसला. "ती तर तळ्यात हाय की वो. मी ल्हान असतानी बुडाली. तिथं टँकर न्यायचा म्हन्जे टँकरालाच पोहता यायला पायजे."

पाण्याखाली गेलेल्या वस्तीच्या नावाने पाण्याचा टँकर! मी लेखी तक्रार केली, दोन पानी. त्यात एकही शब्द फुगवला नव्हता. बारा दिवसांच्या तारखा, कागदावरच्या ओळी, खेपा, यादीतली जास्तीची ओळ, ती पडद्यावर दिसत नसल्याची नोंद आणि झाकलेल्या आकड्याची पट्टीसुद्धा.

मॅनेजरांनी दोघांनाही आत बोलावलं.

"ही ओळ तुम्ही घातली?"

"घातली," मिस्त्री म्हणाले.

"गाव आहे का असं?"

"व्हतं."

"तिथे खेप जाते?"

"न्हाई."

"मग कशासाठी घातली?"

मिस्त्रींनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. "आजून सांगता येत न्हाई. पंधरा दिवस द्या. कारण सापडल्याबिगर मी बोलत न्हाई. दुकानात बी कधी बोललो न्हाई. मोटार उघडायच्या आधीच जो सांगतो काय बिघडलंय, तो गिऱ्हाइकाला फसवतो."

मला वाटलं, पंधरा दिवस पुरावा पुसायला हवेत. मॅनेजरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पंधरा मिनिटंही दिली नाहीत.

मिस्त्री बाहेर आले, चष्मा पुसला आणि टिफिन पिशवीत घातला. ट्रे तसाच ठेवला. दारात थांबून मला म्हणाले, "पटवारीसाब, मला काढलं ते ठीक हाय. ती ओळ तेवढी काढू नका."

मी ती ओळ त्याच दुपारी काढली. स्वतःच्या हाताने. पट्टीही खरवडून काढली. खाली आकडा आला: एकूण त्रेचाळीस. दुसऱ्या दिवशी कागदावर त्रेचाळीस ओळी आणि संध्याकाळी खेपाही त्रेचाळीस. त्रेचाळिसाला त्रेचाळीस. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माणूस गेला ना पण कामावरून." मी म्हणालो, "आकडे जुळले."

रोज जुळत होते. मधे एक बाजार गेला आणि त्याच्या पुढचा बाजाराचा दिवस आला तेव्हा एक बाई ऑफिसात आली. चाळिशीची असेल. चकलांब्याच्या पलीकडे एक वस्ती आहे, तिथली. बाजाराची पिशवी रिकामीच होती. आमच्याकडची माणसं तालुक्याला येतात ती बाजाराच्या दिवशी, अर्जसुद्धा त्याच दिवशी आणून देतात, म्हणून मला वाटलं अर्जच असेल.

"आमच्याकडं टँकर कावून येईना?"

"येतोय की, बाई. रोज जातोय."

"कुठं जातोय? आमाला तर दिसंना. रातच्याला येऊन जातो का काय चोरावानी?"

मी वस्तीचं नाव विचारलं आणि शोधायच्या चौकटीत घातलं. लगेच ओळ आली. मंजूर, हिरवी खूण. मी पडदा तिच्याकडे फिरवला. "हे बघा तुमचं नाव."

तिने पडद्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे. "हितं हाय वो. हौदात न्हाई."

"किती दिवस झाले म्हणता?"

"नऊ."

"नऊ कसे? आमच्याकडे एकही खेप कमी नाही."

"तुमच्याकडं नसंल. माझ्या भिताडावर नऊ रेघा हायत कोळशाच्या. टँकर न्हाई आला की वढते येक. पैल्या दिशी वाटलं बिघडला असंल. दुसऱ्या दिशी वाटलं सणसूद असंल. मग म्हनलं आता लिवूनच ठिवावं, कुणी इच्चारलं तर." तिने पदर सारखा केला. "सासू इहिरीत उतरली व्हती कळशी घिऊन. मी नको म्हनलं तरी. पायरीवरून गेली. मांडीचं हाड मोडलंय. तिला दवाखान्यात सोडून आलेय मी."

तिला बसायला सांगून मी ड्रायव्हरला फोन लावला. तोच, ज्याच्याशी मिस्त्री लिंबाखालून बोलत. तो म्हणाला, "साहेब, कागदावर ते गावच न्हाई. मी कसा जाऊ? शेजारचं गाव दोनदा हाय, तिथं दोन खेपा टाकतो. त्ये लोक बी काय बोलत न्हाईत, पाणी कुणाला नको? आधी मिस्त्रींचा फोन यायचा की दोनदा दिसलं तरी येकदाच जा. आता फोन येत न्हाई."

मी फोन ठेवला आणि मिस्त्रींच्या टेबलाखालून ट्रे ओढला. त्यावर धूळ बसली होती. पडद्याला फुटपट्टी लावली. पहिलं पान, दहा चिंचोके. दुसरं, दहा. ती बाई खुर्चीत बसून बघत होती. तिने विचारलं नाही की हा माणूस काय करतोय. पाचवं पान संपलं तेव्हा डब्यातून बरोबर त्रेचाळीस चिंचोके गेले होते. शेजारच्या गावाच्या खणात दोन होते. तिच्या वस्तीचा खण रिकामा होता.

मी महिनाभर आकडे वाचले होते, नावं वाचली नव्हती.

टँकर तासाभरात तिकडे रवाना केला आणि तो पोचल्याचा फोन आल्यावर मी बसस्थानकामागे गेलो. दुकानाचं शटर वर होतं. मिस्त्री जमिनीवर बसून मोटार भरत होते. हातातल्या तारेचे फेरे पडत होते आणि ओठ हलत होते. मी दारात उभा राहिलो. त्यांनी पाहिलं, पण थांबले नाहीत. फेरे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही हे मला माहीत होतं. एक फेरा कमी पडला तर मोटार जळते. मी उन्हात उभा राहून वाट पाहिली आणि पहिल्यांदाच मनात काही मोजलं नाही.

फेरे संपले. त्यांनी तारेला गाठ मारली. "काढली का ओळ?"

"काढली."

"मग कोण गेलं?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तक्त्यात दहाची पानं पाडली तेव्हापासून एक ओळ कुठल्याच पानावर येत नव्हती आणि दुसरी एक दोनदा येत होती. त्यामुळे ओळींची बेरीज नेहमी बरोबरच यायची. "तुमाला पैल्या आठवड्यातच म्हनलो व्हतो, गाव कमी दिसतंय. तुमी म्हनला, एकूण बघा, बरोबर हाय." असं झालं होतं. मला आठवलं. मी पट्टी उचलून आकडा दाखवला होता.

"कावून होतंय ते कळंना. पण भोक दिसलं तर बूच मारावं लागतं आधी. म्हनून येक खोटी ओळ घातली. तिची जागा हलवत हलवत तिलाच त्या भोकात उभी केली. आता हरवायची ती तीच. आन् जे गाव दोनदा यायचं, त्याचं ड्रायव्हरला सांगायचो."

"पण बुडालेली वस्ती का?"

"माझं आजोळ हाय ते." ते मोटारीवरची धूळ फुंकत होते. "पाण्यातल्या गावाला टँकर लागत न्हाई, पटवारीसाब. त्याची ओळ हरवली तर कुणाच्या घशाला कोरड पडत न्हाई. म्हनून त्येला उभं केलं."

म्हणजे तक्त्यात पडलेला खड्डा त्यांनी स्वतःच्या आजोळाने बुजवला होता, आणि मी ते उचलून फेकलं. पाठोपाठ जी वस्ती उभी होती ती आत गेली.

त्यांनी वही दिली. तेलाचे डाग पडलेली, दुकानाचीच. त्यात रोजची तारीख, हरवलेलं गाव, दोनदा आलेलं गाव. शेवटच्या पानावर एक वाक्य खाली रेघ मारून लिहिलं होतं: हरवणारी ओळ दरखेपेला बाजारच्या दिवसाचीच. तिथपर्यंत ते एकटे पोचले होते. पुढचं आम्ही दोघांनी त्या दुकानात बसून जुळवलं. आमच्याकडे अर्ज एकेक येत नाहीत, बाजाराच्या दिवशी एकदम येतात. सतरा अर्जांवर एकच तारीख होती. यंत्राला मी सांगितलं होतं की तारखेप्रमाणे लाव. पण एकाच तारखेचे सतरा आले तर त्यांच्यात आधी कोण, हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे दुसरं पान मागितलं की ते सतरांना एका प्रकारे बसवायचं, तिसरं मागितलं की दुसऱ्या प्रकारे. त्यात एखादा दोन्हीकडे दिसायचा आणि एखादा कुठेच नाही. ज्यांनी तो सांगाडा बनवला त्यांच्या गावी बाजार भरत नसावा.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. उपाय एका ओळीचा होता. तारीख सारखी असेल तर नोंदणी क्रमांकाने लाव, एवढंच. मी दुसरी तक्रार लिहिली, या वेळी स्वतःविरुद्ध, तीन पानी. मॅनेजरांनी ती वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाले, "आता कशाला? झालं ना दुरुस्त." मिस्त्रींना परत बोलवा असं मी चार वेळा म्हटलं. शेवटी त्यांनी बोलावलं, तर मिस्त्रीच आले नाहीत. त्या पावसाळ्यात विहिरींना पाणी आलं आणि दुकानात मोटारींची रांग लागली. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या मयतीला किती माणसं होती कुणास ठाऊक. सांगणारे बरेच आकडे सांगतात.

ती बुडालेली वस्ती मी पुन्हा तक्त्यात घातली आहे. मॅनेजरांना कळवून, लेखी. आता गरज नाही, दुरुस्ती झाली आहे, असं मला नवीन मुलं सांगतात. ती बरोबर असतील. पण मी सकाळी पट्टी चिकटवतो, फुटपट्टी घेतो आणि ते नाव दिसेपर्यंत चहा घेत नाही. माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्या बाईच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला होत्या, आता काठी घेऊन चालतात. दर बाजाराला ती बाई भेटली की मी विचारतो.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. निघताना मी दुकानाच्या पायरीवर थांबलो. माफी मागायची होती. म्हणून मी जे मला जमतं तेच बोललो.

"मिस्त्री, त्या वस्तीला नऊ दिवस पाणी गेलं नाही."

त्यांनी सवयीने विचारलं, "मोजलं कुणी?"

"त्या बाईने. कोळशाने, भिंतीवर."

मिस्त्रींनी तारेचं टोक हातात धरलं होतं. एवढ्या दिवसांत कुणाचाही आकडा त्यांनी उत्तरावर आणखी शंका काढल्याशिवाय घेतलेला मी पाहिला नव्हता. मी वाट पाहत उभा राहिलो.

"मग नऊच असतील," ते म्हणाले, आणि पुढच्या मोटारीचा पहिला फेरा टाकला.